काचा आधी, फ्रेम नंतर: बदलत्या काचांचा सायकलिंग गॉगल निवडताना

दुकानात गेल्यावर बहुतेक जण आधी फ्रेम चढवून आरशात बघतात, मग डब्यात काचा किती आहेत ते मोजतात. पाच काचा, एक पाउच, नंबरवाल्यांसाठी आतली छोटी फ्रेम, आणि हे सगळं स्वस्तात. महिनाभरानं बघावं तर एकच काच, तीही सगळ्यात काळी, फ्रेममध्ये कायमची बसलेली असते. बाकीच्या चार कपाटात. पहाटेच्या राइडला गॉगल डोळ्यांवर नसतो, हेल्मेटच्या भोकांत खोचलेला असतो, आणि चिलटं डोळ्यांत जात असतात.

क्रम उलटा झाला की असं होतं. आधी उजेड, मग काच, मग हेल्मेटसकट चेहरा, मग काच बदलायची सोय. रंगरूप आणि किंमत त्यानंतर.

१. आपल्या राइडचा उजेड कागदावर मांडा

गेल्या महिन्या-दोन महिन्यांतल्या राइड घ्या. राइड नोंदवणारं स्ट्राव्हा अ‍ॅप वापरत असाल तर वेळा आयत्या मिळतील. प्रत्येक राइडपुढे लिहा: किती वेळ अंधारात, किती झाडांच्या सावलीत, किती रखरखीत उन्हात, किती पावसात.

अंदाजानं लिहू नका, कारण अंदाज हमखास उन्हाकडे झुकतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. साडेपाचला निघून साडेआठला घरी येणाऱ्याची निम्मी राइड उजाडायच्या आत झालेली असते. त्याला काळ्या काचेची गरज शेवटच्या तासापुरती. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, वेळमर्यादा साडेतेरा तासांची. थंडीत सकाळी सहाला सुरू करून निवांत चालवलीत तर सुरुवातही अंधारात आणि शेवटही. ३०० किलोमीटरला २० तास मिळतात, म्हणजे अंधार चुकवणं बहुतेकांना जमत नाही.

तपासणी: यादीतून उजेडाचे दोन, फार तर तीन प्रकार निघाले पाहिजेत. पाच निघत असतील तर तुम्ही बारकावे जास्त काढताय. तितक्या काचा कुणी रस्त्यात बदलत नाही.

२. काचेचा आकडा वाचा

काचेतून किती टक्के उजेड आत येतो, त्या आकड्याला व्हीएलटी म्हणतात. आयएसओ १२३१२-१ या मानकात त्याचे पाच गट आहेत:

गट ०: ८० ते १०० टक्के. पारदर्शक किंवा जवळपास तशीच. रात्र, पहाट, मुसळधार पाऊस.
गट १: ४३ ते ८० टक्के. ढगाळ दिवस, धुकं.
गट २: १८ ते ४३ टक्के. कोवळं ऊन, झाडांचा रस्ता, ऊन-ढगाचा खेळ.
गट ३: ८ ते १८ टक्के. कडक ऊन.
गट ४: ३ ते ८ टक्के. बर्फ, हिमनदी. रस्त्यावर गाडी चालवायला ही काच चालत नाही, आणि सायकल त्याच रस्त्यावर असते.

गटाचा आकडा बहुतेकदा काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत किंवा डब्यावर असतो. पण तो मुख्य काचेचा. सोबतच्या जादा काचांचे आकडे वेगळे विचारा. ‘डार्क’, ‘मीडियम’, ‘नाइट’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

धोक्याची खूण: ७५ टक्क्यांहून कमी उजेड आत सोडणारी काच संध्याकाळी उशिरा आणि रात्री वाहन चालवायला योग्य धरत नाहीत. ‘नाइट व्हिजन’ म्हणून विकली जाणारी पिवळी काचही बऱ्याचदा यात येते. समोरून येणाऱ्या हेडलाइटनं डोळे दिपतात म्हणून लोक ती घालतात, पण ती त्या दिव्याबरोबर अंधारातल्या खड्ड्यावरून येणारा थोडाफार उजेडही खाते. रात्री पारदर्शकच.

आता यादी आणि आकडे शेजारी ठेवा. शहराजवळ पहाटे चालवणाऱ्याला एक पारदर्शक आणि एक गट २ची काच पुरते. दुपारपर्यंत लांब जाणाऱ्यानं गट ३ घ्यावी, पण १२ ते १८ टक्क्यांच्या आतबाहेरची. आठ-नऊ टक्क्यांची काच सह्याद्रीतल्या घाटात फार काळी पडते. उन्हातून वळणावरच्या झाडीत शिरलात की रस्त्यावरची खडी दिसेनाशी होते, नेमकी उतारावर. मनाली-लेहसारखा बेत असेल तर गोष्ट निराळी. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते, वर बर्फाची चमक. तिथे गट ३मधली गडद काच आणि बाजूनं झाकणारी फ्रेम हवी.

३. रंग ठरवा, पण आकड्यानंतर

करड्या काचेतून रंग जसेच्या तसे दिसतात, डोळ्यांना आराम मिळतो. तपकिरी, तांबूस किंवा गुलाबी छटेच्या काचेत रस्त्याचा उंचसखलपणा जास्त उठून दिसतो. आपल्या रस्त्यांवर मी डोळे झाकून, म्हणजे उघडे ठेवण्यासाठीच, तपकिरी सुचवेन. रंग न मारलेला गतिरोधक आणि डांबराचं ठिगळ करड्या काचेत सपाट दिसतं, तपकिरीत त्याची कड कळते. पिवळी-नारिंगी काच धुक्यात आणि ढगाळ दिवसा छान. आरशासारखा मुलामा उन्हात थोडी मदत करतो, पण त्यावर चरे लवकर दिसतात.

पोलराइज्ड काच घेताना थांबा. ती पाण्यावरची, गाड्यांच्या काचांवरची चमक मारते. कारमध्ये ते सुखाचं असतं. सायकलवर मात्र ओल्या रस्त्याची चमक हीच ‘इथे घसरेल’ अशी सूचना असते. शिवाय काही सायकल कॉम्प्युटर आणि मोबाइल अशा काचेतून ठरावीक कोनात काळे दिसतात. घ्यायचीच असेल तर आपला कॉम्प्युटर दुकानात न्या, हँडलवर असतो त्या कोनात धरून बघा.

४. फोटोक्रोमिक घ्यायची का, ते आताच ठरवा

उन्हात आपोआप काळी होणारी काच म्हणजे बदलायच्या काचांना पर्याय. त्यामुळे हा निर्णय फ्रेमच्या आधीचा. पहाट ते दुपार अशा सलग राइडला ती फार सोयीची असते, न थांबता काम होतं. पण तीन गोष्टी समजून घ्या.

एक, ती अर्ध्या-एक मिनिटात गडद होते, पण उजळायला काही मिनिटं घेते. भर उन्हातून कात्रजच्या जुन्या घाटातल्या बोगद्यात शिरलात तर ती उजळायच्या आत तुम्ही पलीकडे असता. दोन, उष्णतेत ती कमी गडद होते. थंडीत छान काळी होणारी काच विदर्भातल्या एप्रिल-मेच्या दुपारी फिकी वाटली तर ती बिघडलेली नसते, तिचं रसायनच तसं आहे. तीन, फिकी असतानाचा आकडा बघा. ७५ किंवा त्याहून जास्त टक्के असेल तरच ती रात्री चालेल. काही काचा उजळून उजळून पन्नाशीवर थांबतात. त्यांच्या जोडीला पारदर्शक काच लागतेच.

५. काच कशाची आहे, आणि अतिनीलचं काय

पॉलिकार्बोनेट मागा. डंपरच्या चाकातून उडालेला खडा, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीतून उडणारं पाचट किंवा कांडकं चेहऱ्यावर आलं तरी ते तडकून डोळ्यांत जात नाही. खऱ्या काचेची लेन्स सायकलवर नको. स्वस्त पोलराइज्ड काचा बऱ्याचदा टीएसी नावाच्या पातळ थराच्या असतात, त्या आघाताला पॉलिकार्बोनेटइतक्या टिकत नाहीत. अमेरिकी मानकातली ‘झेड८७+’ ही खूण कोरलेली असेल तर जोराच्या आघाताची चाचणी झाली आहे असं समजा.

अतिनीलचा आणि काळेपणाचा संबंध नाही. यूव्ही४०० ही अतिनील-संरक्षणाची खूण असलेली पारदर्शक काच अतिनील अडवते, आणि नुसता रंग दिलेली काळी काच ते आत सोडू शकते. दुसरी जास्त वाईट, कारण काळोखामुळे बाहुली मोठी होते. विक्रेता निळ्या टॉर्चचा झोत कागदावर मारून ‘बघा, अडला’ असं दाखवतो, तो निळ्या उजेडाचा खेळ आहे, अतिनीलची चाचणी नव्हे. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत अतिनील मोजायचं छोटं यंत्र असतं. तिथे सगळ्या काचा एकेक करून मोजून घ्या.

तपासणी: काच हातभर लांब धरा, तिच्यातून फरशीच्या सांध्याकडे किंवा दाराच्या चौकटीकडे बघा आणि सावकाश डावी-उजवीकडे हलवा. रेष सरळ राहिली पाहिजे. पाण्यातून बघितल्यासारखी लहरली तर तासाभरात डोकं धरेल. ही परीक्षा जादा काचांची आवर्जून करा. स्वस्त संचात मुख्य काच बरी आणि पारदर्शक काच कामचलाऊ असं खूपदा असतं, आणि पहाटे तीच डोळ्यांपुढे असते.

६. नंबर असेल तर

तीन वाटा: कॉन्टॅक्ट लेन्स, आतली छोटी फ्रेम, किंवा थेट नंबरची काच.

कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना कुठलाही गॉगल चालतो, पण वाऱ्यानं लेन्स सुकते. म्हणून चेहऱ्याला जवळ बसणारी फ्रेम घ्या आणि लेन्सची जादा जोडी सोबत ठेवा. आतल्या फ्रेमचा फायदा असा की बाहेरच्या काचा हव्या तशा बदलता येतात. तोटा असा की वाफ धरायला दोनाचे चार पृष्ठभाग होतात आणि पापण्या घासू शकतात. ती करताना चष्मेवाल्याकडून बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, मोजून लिहून घ्या. नंबरच्या कागदावर ते बरेचदा नसतं. आतल्या काचाही पॉलिकार्बोनेटच्याच करा.

थेट नंबरची काच वळणदार फ्रेममध्ये बसवली की कडेला दृश्य ताणलं जातं. नंबर साधारण चारच्या पुढे असेल किंवा तिरका नंबर जास्त असेल, तर ती वाट धरण्याआधी वळणदार काचा नेहमी करणाऱ्या चष्मेवाल्याला भेटा.

चाळिशी लागलेल्यांचा प्रश्न वेगळा. रस्ता स्वच्छ दिसतो, कॉम्प्युटरवरचे आकडे दिसत नाहीत. त्यासाठी महागडी बायफोकल करायच्या आधी स्क्रीनवर आठऐवजी तीनच रकाने ठेवून बघा. आकडे मोठे होतात आणि बऱ्याच जणांचं तेवढ्यात भागतं.

७. हेल्मेट घालूनच माप घ्या

फ्रेमची पाळी इथे येते. हेल्मेट सोबत न नेता गॉगल घेणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक, कारण काडीची मागची टोकं हेल्मेटच्या मागच्या पट्ट्याला अडतात आणि गॉगल पुढे ढकलला जातो. पावसाळ्यात आत टोपी घालत असाल तर तीही न्या.

काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या वरून यायला हव्यात, आतून नाही. पडल्यावर गॉगल सुटून बाजूला जातो, आणि एका हातानं काढता येतो.

आता खुर्चीत बसा, हात पुढे काउंटरवर टेका, पाठ वाकवा, मान खाली ठेवून फक्त डोळे वर करा. रोडबाइकवर ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर हात असताना तुम्ही रस्ता असाच बघता. फ्रेमची वरची कड नजरेत आडवी येत असेल तर ती फ्रेम बाद. सरळ उभं राहून आरशात कितीही छान दिसली तरी बाद. वरून बिनकडीची किंवा उंच काचेची फ्रेम इथे जिंकते.

मग उजव्या खांद्यावरून मागे बघा. आपण डावीकडून चालवतो, मागची गाडी उजवीकडून येते. फ्रेमचा उजवा कोपरा जाड असेल तर एक अख्खी मोटारसायकल त्यामागे लपते.

पुढे हसून बघा. गाल वर आले की काच उचलली जाते का? जोरात डोळे मिचकावा. पापण्या काचेला लागतात का? डोकं दोन-चारदा झटका. गॉगल घसरला तर नाकाचे पॅड वाकवता येतात का ते विचारा. येत नसतील तर पुढचा नमुना बघा, कारण घामात तो आणखी घसरणार. दुकानात उभा पंखा असला तर समोर जाऊन उभे राहा. डोळ्यांत वारा थेट लागला तर उतारावर पाणी वाहील.

वाऱ्याला पूर्ण बंद असलेला गॉगलही नको. जुलैत सिंहगड चढताना वेग ताशी सात-आठ किलोमीटर असतो, हवेत दमटपणा, अंगाची भट्टी. काचेमागे हवा खेळली नाही तर पहिल्याच वळणावर वाफ धरते. काचेच्या वरच्या कडेला भोकं हवीत, आणि कपाळ आणि फ्रेम यांच्यात बारीक फट.

तपासणी: हेल्मेटसकट दहा मिनिटं गॉगल तसाच ठेवा. कानामागे किंवा कानशिलावर टोचायला लागलं तर पाच तासांनी काय होईल ते उघड आहे.

८. काच तिथल्या तिथे, स्वतःच्या हातानं बदला

विक्रेत्यानं दोन सेकंदांत बदलून दाखवलेली काच मोजू नका. तुम्ही बदला, दोनदा. दुसऱ्यांदा बोटं ओली करून.

साधारण पद्धत अशी. बेसिनवर किंवा दगडी ओट्यावर नाही, टॉवेल पसरून त्यावर. नाकाचा पॅड सुटा होत असेल तर आधी तो काढा. मऊ फडक्यानं काचेची बाहेरची, काडीकडची कड धरा. दुसऱ्या हातानं फ्रेम तिथेच, बिजागरीच्या आतल्या अंगाला धरा. काडी धरून ओढू नका, बिजागरी तिथेच मोडते. कड खोबणीतून खाली सरकली की मधली खाच सोडवा, मग दुसरी बाजू. नवी काच बसवताना सुरुवात मधून की कडेनं, हे मॉडेलनुसार बदलतं. सोबतच्या चित्रात ते असतं, नसेल तर विक्रेत्याला सावकाश करून दाखवायला सांगा. शेवटी ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. मग फ्रेम धरून काचेला अंगठ्यानं हलकं दाबा. हलली तर खोबणीत बसलेली नाही, आणि खड्ड्यात ती रस्त्यावर जाईल.

खटका किंवा चुंबक असलेल्या फ्रेममध्ये हे सगळं सोपं असतं. थोडे पैसे जास्त पडतात, पण राइडमध्ये काच बदलणार असाल तर तिथेच खर्च करा. पाच काचांपेक्षा सहज निघणाऱ्या दोन काचा बऱ्या.

धोक्याची खूण: काच काढताना फ्रेम करकरत असेल, किंवा दर वेळी काचेवर बोटांचे ठसे भरपूर उमटत असतील, तर घरी तुम्ही ती बदलणार नाही. मग बदलत्या काचांचे पैसे देऊ नका, एक चांगली फोटोक्रोमिक घ्या.

९. बिल करण्याआधी

मॉडेलचं नाव आणि क्रमांक बिलावर लिहून घ्या. त्या मॉडेलची सुटी काच भारतात मिळते का, आज तिची किंमत काय, हे विचारा. परदेशातून मागवली तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून एक काच अख्ख्या स्वस्त गॉगलच्या किमतीला जाते. सुटी काच मिळतच नसेल तर पहिला खोल चरा पडला की गॉगल संपला, हे धरूनच किंमत ठरवा. नाकाच्या पॅडची जादा जोडी तेव्हाच मागा. ती फुकट किंवा किरकोळ पैशांत मिळते, वर्षभरानं शोधत बसावं लागतं.

१०. पहिल्या राइड आणि निगा

पहिली राइड ओळखीच्या, छोट्या रस्त्यावर. जादा काच कडक डबीत, फडक्यात गुंडाळून सॅडलबॅगमध्ये. जर्सीच्या खिशात किल्ल्या, मल्टिटूल आणि चिक्कीसोबत नको. काच बदलायला थांबाल तेव्हा रस्त्यापासून दूर, आणि घाटात माकडांपासूनही दूर. कठड्यावर ठेवलेला गॉगल ती हक्कानं उचलतात.

परतल्यावर क्रम पाळा: आधी नळाखाली धरून धूळ वाहू द्या, मग भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब बोटांनी फिरवा, पुन्हा धुवा, मग मायक्रोफायबरनं टिपा. कोरड्या काचेवर जर्सी घासली की घामाचं मीठ आणि धूळ मिळून चरे पाडतात. खिडक्यांच्या काचा पुसायचा स्प्रे, सॅनिटायझर, नेलपेंट रिमूव्हर यांनी मुलामा जातो. वाफ धरू नये म्हणून दिलेला मुलामा काचेच्या आतल्या बाजूला असतो. तो घासून पुसू नका, पाणी झटकून वाळू द्या. डीट असलेलं डासांचं क्रीम लावलं असेल तर हात धुऊनच गॉगलला हात लावा, डीट प्लॅस्टिक खराब करतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर गॉगल ठेवू नका.

नजरेच्या मध्यावर चरा आला की काच बदला, कडेला असेल तर चालू द्या. काच सुस्थितीत असूनही गॉगल घसरायला लागला तर बहुतेक वेळा नाकाचं रबर घामानं फुगून गुळगुळीत झालेलं असतं. बिलासोबत घेतलेली ती जादा जोडी तेव्हा बसवायची.